पहिल्या रांगेतला कान

कोल्हापुरात त्या काळी गाण्याला जाणारी माणसं दोन प्रकारची होती. एक, ज्यांना गाणं कळायचं ती. दुसरी, ज्यांना बादशहा मिस्त्रींचा उजवा हात दिसायचा ती. दुसऱ्या प्रकारची माणसं फार जास्त होती, आणि दर जानेवारीतला तीन दिवसांचा संगीत महोत्सव चालायचा तो त्यांच्याच तिकिटांवर.

बादशहा मिस्त्री म्हणजे उद्यमनगरातले ऑइल इंजिनवाले. नाव बादशहा, पण अंगाला बारा महिने डिझेलचा वास आणि नखांत काळं ग्रीस. महोत्सवाचे तीन दिवस तेवढी ते नखं घासायचे, पांढरा पायजमा आणि काळं जाकीट चढवायचे आणि पहिल्या रांगेत मधोमध जाऊन बसायचे. एका बाजूला सर्जन डॉक्टर, दुसऱ्या बाजूला निवृत्त न्यायाधीश आणि मध्ये मिस्त्री. गवई समेवर आला की मिस्त्रींचा उजवा हात वर जायचा, "क्या बात!" असा दमदार आवाज निघायचा आणि मागची सातशे माणसं एकदम डोलायची. हात वर गेला नाही तर ती सातशे माणसं खोकायला लागायची. मुंबई-पुण्याचे बुवा आणि खाँसाहेब हे ओळखून होते. तंबोरे लावून झाले की ते आधी मिस्त्रींना नमस्कार करायचे.

ही खुर्ची त्यांना काही कुणी मेहेरबानी म्हणून दिलेली नव्हती. अठ्ठावन्न साली एक खाँसाहेब गात होते. मिस्त्री कारखान्यातून परस्पर आले होते, अंगात तेलकट खाकी कपडे, म्हणून दाराशीच उभे होते. खाँसाहेब अशा काही अवघड वाटेनं समेवर आले की सभागृहाला पत्ताच लागला नाही. दाराशी एकच आवाज झाला, "जियो!" खाँसाहेब गाणं थांबवून म्हणाले, "यहाँ सुननेवाला खड़ा है। पहले उसे बिठाओ।" महोत्सव एका शाळेच्या सभागृहात होता. धावाधाव झाली, हेडमास्तरांच्या खोलीतली हातांची खुर्ची आली आणि मिस्त्री पहिल्या रांगेत बसले. तेव्हापासून दरवर्षी ती खुर्ची हेडमास्तरांच्या खोलीतून निघायची आणि हेडमास्तर तीन दिवस स्टुलावर बसायचे.

मिस्त्रींना गाणं कुणी शिकवलेलं नव्हतं. हॉटेलातला फोनो आणि कारखान्यातली इंजिनं, एवढ्यावरच त्यांचा कान तयार झाला होता. इंजिन बिघडलं की ते चालू इंजिनावर पेचकसाचं टोक ठेवायचे, मूठ जबड्याच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मिनिटभरानं सांगायचे, "बेअरिंग गेलंय," किंवा "नोझल ठिबकालंय." राधानगरीकडचे ऊसवाले बैलगाडीतून इंजिन घेऊन यायचे ते या कानाच्या भरवशावर. एकदा एका इंजिनाच्या चाकानं त्यांचा गुडघा फोडला. तेव्हापासून चालताना काठी आली आणि बसताना तो पाय लांब करायची सवय लागली.

आता यातली गंमत अशी, की एकाहत्तर सालापासून बादशहा मिस्त्री बहिरे होते.

लहानपणापासून कान वाहायचे, ते वाहता वाहता गेले. मिरजेच्या एका डॉक्टरांनी तपासलं. त्यांनी सूर काढणारा दोन दांड्यांचा एक चिमटा वाजवून मिस्त्रींच्या कपाळाच्या हाडावर टेकवला, तर मिस्त्रींना चांगला घुमताना ऐकू आला. तोच चिमटा कानाजवळ धरला तर काही नाही. डॉक्टर म्हणाले, आतली नस जिवंत आहे, वाट तेवढी बंद झाली आहे, यंत्र लावा. यंत्र म्हणजे खिशात डबी, डबीतून वायर आणि वायरचं टोक कानात. मिस्त्री म्हणाले, "वायर लावून पयल्या रांगेत बसू व्हय?" डॉक्टरांना काही समजेना. ते म्हणाले, "कुठल्या रांगेत?" मिस्त्री उठले आणि पुढच्या गाडीनं कोल्हापूरला परत आले.

ही गोष्ट ठाऊक होती फक्त त्यांच्या बायकोला, सुलतानबीला. बाकी कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. कोल्हापुरात मुळात कुणी हळू बोलत नाही. समोरासमोर, ओठांकडं बघत असलं की मिस्त्रींचं भागून जायचं, आणि कानाला तोंड लावून कुणी ओरडलं तर थोडंफार पोचायचंही. इंजिनाचं काम तर पेचकसावरच चालायचं, त्याला कान लागतच नव्हता. प्रश्न होता तो वर्षातल्या तीन दिवसांचा. तिथं मिस्त्रींनी डोळ्यांना कामाला लावलं. तबलजीचा डावा खांदा सम यायच्या आधी किंचित खाली जातो. पेटीवाला मान उचलतो. गवई अवघड जागेकडं निघाला की त्याच्या भुवया आधी निघतात. दहा-बारा वर्षं नीट ऐकलेलं होतं, आता ते नीट बघायचं, एवढाच फरक. आणि झालं असं, की कानानं ऐकून दाद देणाऱ्यापेक्षा डोळ्यानं बघून देणारा पाव क्षण आधीच पोचायला लागला. लोक म्हणायला लागले, मिस्त्रींना सम यायच्या आधीच कळते. बहिरे झाल्यावर त्यांची कीर्ती दुपटीनं वाढली.

मध्यंतरात लोक भोवती जमायचे आणि विचारायचे, "मिस्त्री, कसं झालं?" त्याला मिस्त्रींनी एक उत्तर बेतून ठेवलं होतं. "तयारी हाय," ते म्हणायचे, मग थोडं थांबायचे आणि म्हणायचे, "पण घाई हाय." हे उत्तर गायनाला चालायचं, सतारीला चालायचं, एकदा तर नृत्यालाही चाललं. आजतागायत एकाही कलावंतानं ते नाकारलेलं नाही. उलट दोघातिघांनी नंतर पत्रानं कळवलं होतं की आपण सांगितलेला दोष काढायचा प्रयत्न चालू आहे.

दर जानेवारीत जाकिटाला इस्त्री करताना सुलतानबी म्हणायची, "आवो, औंदा तरी सांगून टाका की. बहिरा हाय म्हटल्यावर फासावर चढवत्यात व्हय कोण?"

"फासावर न्हाई गं," मिस्त्री म्हणायचे, "मागच्या रांगंत."

हे त्यांनी हसत सांगितलं तरी त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. वर्षातले तीनशे बासष्ट दिवस ते "ए मिस्त्री, जरा हिकडं ये" असे होते. तीन दिवस न्यायाधीश त्यांना विचारून पान खायचे. त्या खुर्चीतून उठायचं म्हणजे परत दाराशी उभं राहायचं, आणि आता दाराशी उभं राहून त्यांना ऐकू काय येणार होतं? नुसती पाठमोरी डोकी दिसली असती. खुर्ची गेली तर आपल्याजवळ डिझेलच्या वासाशिवाय काही उरत नाही, हे मिस्त्रींना पक्कं ठाऊक होतं आणि त्याची त्यांना रोज भीती वाटायची.

अठ्ठ्याहत्तर साली महोत्सवाला पंचवीस वर्षं झाली. चिटणीस होते भरमाप्पा शेटे, कापडाचे व्यापारी, हौशी माणूस. मुंबईच्या एका पेपरात कुणीतरी लिहिलं होतं की कोल्हापूरच्या महोत्सवात दरसाल तीच माणसं तेच राग गातात. हे भरमाप्पाशेठना फार लागलं. ते म्हणाले, औंदा कायतरी मॉडर्न आणायचं. कसलं मॉडर्न हे त्यांना स्वतःला सांगता येत नव्हतं, पण मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून त्यांना पत्ता मिळाला. तिघेजण होते, नव्या पद्धतीचं संगीत करायचे, आणि मुख्य म्हणजे त्यांच्यातला पुढारी आपल्या नेसरीचा निघाला. कृष्णात नाव. शेतकऱ्याचा पोरगा, मुंबईला इंजिनिअरिंग शिकायला गेला आणि शिकता शिकता बिघडला. जिल्ह्याचा पोरगा म्हटल्यावर भरमाप्पाशेठनी डोळे झाकून रविवार सकाळची बैठक देऊन टाकली.

रविवारी सकाळी दहाला सभागृह भरलं. पडदा उघडला तेव्हा मंचावर तबला नव्हता, पेटी नव्हती, तंबोरे नव्हते. आठ हात लांबीची एक लाकडी पेटी होती, तिच्यावर कुंपणाला मारतात तशा जाड तारा ताणलेल्या. एक लोखंडी नळ, एक डिझेलचं रिकामं बॅरल, आणि पितळेच्या दोन पराती. मागं दोन पोरं आणि एक पोरगी, तिघांचे डोळे मिटलेले. कृष्णातची दाढी तर अशी भरगच्च होती की तिच्यात ओठ सापडत नव्हते.

त्याहून मोठी गोष्ट पडद्याआड सकाळीच घडून गेली होती. कृष्णातनं मंचावरची गादी काढायला लावली होती. "गादी आवाज खाती," तो म्हणाला. मंच म्हणजे शाळेच्या जुन्या बाकांवर कायमच्या ठोकलेल्या फळ्या आणि त्यावर गादी. पंचवीस वर्षांत ती कुणी हलवली नव्हती. तिच्याखाली एक अडकित्ता, एका दिवंगत सारंगियाचा चष्मा आणि सुपारीचा चुरा सापडला. भरमाप्पाशेठना ते बरं वाटलं नाही, पण मॉडर्न म्हटल्यावर त्यांनी सोसलं.

कार्यक्रम सुरू झाला. म्हणजे झाला असावा, कारण कृष्णातचा हात तारांवर हलताना दिसत होता. मिस्त्रींनी सवयीनं तबलजीचा खांदा शोधला. तबलजी नव्हता. भुवया शोधल्या. तिघांच्या भुवया जागच्या जागी. दुसरा पोरगा बॅरलच्या आड बसलेला, त्याचे हातच दिसत नव्हते. पोरगी परातीच्या कडेवरून बोट फिरवत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर एवढीही रेघ हलत नव्हती. सम कुठं आहे, आहे की नाही, गेली की यायची आहे? पाच मिनिटं गेली, दहा गेली. मिस्त्रींना मानेच्या मागं सातशे माणसांची नजर जाणवायला लागली. हात वर गेला तर डोलायचं, नाही गेला तर खोकायचं, म्हणून सगळे तयारीत बसले होते. न्यायाधीशांनी तर वळून मिस्त्रींकडंच तोंड केलं होतं.

जानेवारीच्या थंडीत मिस्त्रींना दरदरून घाम फुटला. सात वर्षं लपवलेलं आज उघडं पडणार, असं त्यांच्या मनानं घेतलं. एकदा वाटलं, देऊन टाकावी दाद कुठंतरी. हात मांडीवरून उचललाही. पण नेमका तेव्हा कृष्णातनं तारांवरून हात काढला, म्हणजे ती काही दाद द्यायची जागा नसणार. मिस्त्रींनी तो हात तसाच जाकिटाच्या खिशात घातला. मग काही सुचेना म्हणून त्यांनी दुखरा पाय लांब केला, काठीचं टोक मंचाच्या फळीला टेकवलं आणि मुठीवर हनुवटी ठेवली. फार काळजीत असले की ते असेच बसत.

आणि त्यांना ऐकू आलं.

पहिल्यांदा त्यांना वाटलं, आपलं काळीज धडधडतंय. पण काळीज इतक्या खाली कुठलं असायला? थड्, थड्, थड्. उघड्या फळ्यांतून काठीत, काठीतून हनुवटीत, हनुवटीतून थेट डोक्यात. त्याच्यावर एक लांबलचक घूं, तारांची. मध्येच परातीची एक बारीक थरथर. मिस्त्रींनी डोळे मिटले आणि पेचकस दाबावा तशी हनुवटी मुठीवर दाबली. सहा ठोके पडत होते आणि सातव्याला दम. पुन्हा सहा, पुन्हा दम. हलकं ओझं असलेलं जुनं इंजिन असंच चालतं. सहा वेळा पेटतं आणि सातव्याला नुसतंच श्वास घेऊन फिरतं. नदीकाठचं इंजिन होतं ते. विशीतले असताना एका गावात त्यांनी आयुष्यातलं पहिलं इंजिन स्वतःच्या हातानं चालू केलं होतं, पाटाला पाणी आलं होतं, आणि सगळं गाव पाण्याकडं धावलं तरी ते एकटेच इंजिनापाशी उभे राहून ठोके ऐकत राहिले होते. ती सकाळ परत आली होती. आणि या पोरांनी त्या ठोक्यांवर तारा अशा काही चढवल्या होत्या की ते इंजिनही होतं आणि गाणंही होतं.

सात वर्षांत मिस्त्रींनी गाणं ऐकलं नव्हतं, ते आत्ता ऐकत होते. त्यांना इतका आनंद झाला की खुर्ची, रांग, न्यायाधीश, दाद, सगळं विसरायला झालं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यांनी खिशातला रुमाल काढून तोंडाला लावला आणि ते खांदे हलवून रडायला लागले.

मागच्या सातशे माणसांना काय दिसलं? मिस्त्रींचा हात वर गेला नाही. मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले. मिस्त्रींची मान खाली गेली. आणि मग मिस्त्री रुमाल तोंडाला लावून रडायला लागले. पंचवीस वर्षांच्या महोत्सवात असं कधी झालं नव्हतं. दुसऱ्या रांगेत बातमी पोचली, "मिस्त्रींस्नी सोसंना झालंय." दहाव्या रांगेत, "संगीताची दशा बघून मिस्त्री रडालेत." शेवटच्या रांगेपर्यंत जाईतो मिस्त्रींच्या छातीत कळ आली होती. तिथून कुणीतरी ओरडलं, "आरं माणूस मारतासा काय? बंद करा की ते!" मग काय, आधी खोकणं झालं, मग टाळ्या, मग शिट्ट्या. सकाळपासून आपल्याला हे आवडतं आहे की नाही हे न कळलेल्या माणसांना ते एकदाचं कळलं, त्यामुळं सगळ्यांनाच मोकळं वाटलं. एकानं तर आपल्या शेजाऱ्याला सांगितलं की मला पहिल्या मिनिटातच शंका आली होती.

मिस्त्रींना यातलं काही ऐकू आलं नाही. ठोके थांबले तेव्हा त्यांनी डोळे उघडले. कृष्णात तारांवर हात ठेवून बसला होता आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी वळून बघितलं तर सगळं सभागृह उभं, सगळी तोंडं उघडी. भरमाप्पाशेठ धावत आले आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "मिस्त्री, लोक ऐकंनात झाल्यात! तुमीच बोला दोन शब्द!"

मिस्त्रींना सगळं उमगायला फार वेळ लागला नाही. माणसांची तोंडं वाचून तर ते सात वर्षं जगत होते. आपल्या रडण्यानं हा घोटाळा झाला आहे हे त्यांनी ओळखलं. दोन शब्द तर जिभेवर तयारच होते. तयारी हाय, पण घाई हाय. तेवढं म्हटलं असतं तर लोक खाली बसले असते, खुर्ची राहिली असती आणि पोरं जरा खट्टू होऊन मुंबईला गेली असती. पण समोर तो नेसरीचा पोरगा त्यांच्याकडं बघत होता, आणि मिस्त्रींच्या हनुवटीत अजून ते ठोके होते. जे ऐकलं त्याला घाई म्हणायला त्यांची जीभ रेटेना.

काठी टेकत ते मंचावर चढले आणि माइकपुढं उभे राहिले. सभागृह गप्प झालं.

"मंडळी," मिस्त्री म्हणाले, "आज खरं काय ते सांगतो. मला सात वर्सं झाली, ऐकू येत न्हाई. दोनी कान गेल्यात."

आधी पहिल्या रांगेत न्यायाधीश फुटले, आणि त्यांच्या मागून छप्पर उडेल असा हशा झाला. बादशहा मिस्त्री बहिरे! या पोरांचं संगीत ऐकून कान गेले, हे सांगायची ही काय तऱ्हा! इतका तिखट शेरा कोल्हापुरानं आजवर ऐकला नव्हता.

"आवो, खरंच सांगालोय!" मिस्त्री कळवळून म्हणाले. "आईशपथ! तुमच्या त्या खाँसायबांचं, बुवांचं, कुणाचं एक अक्षर मला ऐकू आलं न्हाई. ह्या पोरांचं तेवढं आलं!"

आता तर माणसं एकमेकांच्या अंगावर पडायला लागली. डॉक्टर खुर्चीचे हात धरून हसत होते. मिस्त्रींना आवाज येत नव्हता, नुसती उघडी तोंडं आणि हलणारी पोटं दिसत होती. सात वर्षं त्यांनी खोटी दाद दिली, ती सगळ्यांनी खरी मानली. आणि आज जीव मुठीत धरून पहिल्यांदा खरं बोलले तर त्यांना हार घालायला भरमाप्पाशेठ पुढं आले. मिस्त्रींना रडू फुटलं. लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या.

मागच्या दाराशी टेम्पो उभा होता. कृष्णात आणि बाकीची दोघं सामान चढवत होती. मिस्त्री हार काढून हातात घेऊन तसेच लंगडत तिथं पोचले.

"बाळ," ते म्हणाले, "मी थट्टा क्येली न्हाई रं."

कृष्णात काहीतरी बोलला. दाढीमुळं मिस्त्रींना कळलं नाही, पण चांगलं नसावं. तो नळ उचलायला वाकला, तसं मिस्त्रींनी पुढं होऊन काठीचं टोक लाकडी पेटीवर टेकवलं, मूठ हनुवटीला लावली आणि हातानं खूण केली, वाजव. कृष्णातनं रागारागानं पेटीवर मूठ आपटली. मग हात थांबेना म्हणून असेल, पुन्हा आपटली, आणि आपोआप ते चालीत आलं.

"सातवा गाळालास," मिस्त्री म्हणाले. "मुद्दाम गाळतोस न्हवं? वझं कमी असलं की इंजान असंच चालतंय. कुठल्या नदीवरचं हाय?"

कृष्णातचा हात हवेतच राहिला. ते इंजिन त्याच्या बापाचं होतं, घटप्रभेच्या काठावरचं. मुंबईत त्यावर लोकांनी लेख लिहिले होते, तरी सातवा ठोका कुणाला सापडला नव्हता. त्याच्या साथीची ती पोरगी परात खाली ठेवून बघत राहिली. कृष्णात मिस्त्रींच्या अगदी कानाशी येऊन ओरडला, "चाचा, तुमास्नी खरंच ऐकू येत न्हाई?"

"न्हाई."

"मग हे?"

मिस्त्रींनी काठी दाखवली, हनुवटी दाखवली आणि खिशातला पेचकस काढून तोही दाखवला. कृष्णात टेम्पोच्या फळीवर मटकन बसला. आधी तो हसला, मग त्याचेही डोळे भरले. इथून तिथून सगळ्या कोल्हापुरात आपलं संगीत एका माणसाला कळलं, याचा त्याला खराखुरा आनंद झाला होता. तो मिस्त्रींच्या पाया पडला.

"मी आता पेपरात देतो," मिस्त्री उत्साहानं म्हणाले. "मिरजंच्या डाक्टराचा कागद हाय माझ्याकडं. त्यो दावला की इस्वास बसंल. म्हणतो, हेंच्याच गान्यानं मला ऐकू आलं. गेली खुर्ची तर जाऊ दे."

हे ऐकल्याबरोबर कृष्णातचा चेहरा पडला. तो परत कानाशी आला, या खेपेला जरा हळू, त्यामुळं मिस्त्रींना ते दोनदा विचारावं लागलं. "चाचा, पाया पडतो," तो म्हणत होता, "ह्ये कुणाला सांगू नका."

"का रं?"

"फुडच्या महिन्यात आमचा मुंबईत मोठा कार्यक्रम हाय. कोल्हापुरात ह्यांचं गाणं एकाच माणसाला आवडलं आणि त्यो बहिरा हुता, असं छापून आलं तर आमास्नी कोण उभं करंल?"

मिस्त्री त्याच्याकडं बघत राहिले. पोरगा काही चुकीचं बोलत नव्हता. सात वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा आज कुठं त्यांनी उतरवला होता, आणि जो एकटा विश्वास ठेवणारा भेटला, तोच तो परत छातीवर ठेवायला सांगत होता. त्यांनी कृष्णातच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "न्हाई सांगत." हातातला हार त्यांनी त्या पोरीच्या परातीत ठेवला आणि ते घरी गेले.

घरी सुलतानबीनं विचारलं, "सांगितलंसा?"

"सांगितलं."

"मग?"

"इस्वास बसला न्हाई कुणाचा," मिस्त्री म्हणाले आणि जाकीट खुंटीला अडकवून हातपाय धुवायला गेले. ती बराच वेळ त्या जाकिटाकडं बघत बसली होती.

दुसऱ्या दिवशी गावातल्या पेपरात चौकटीत मिस्त्रींचं 'दोनी कान गेल्यात' हे वाक्य छापून आलं, शेरा म्हणून. पुढच्या वर्षी हेडमास्तरांनी ती खुर्ची महोत्सवाला कायमची देऊन टाकली आणि भरमाप्पाशेठनी तिच्या पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं मिस्त्रींचं नाव घालून घेतलं. मिस्त्री त्यानंतर अकरा वर्षं त्या खुर्चीत बसले. तबलजीच्या खांद्याकडं बघून हात वर करायचे, आणि मध्यंतरात म्हणायचे, तयारी हाय, पण घाई हाय.

दरसाल डिसेंबरात ते भरमाप्पाशेठच्या दुकानात जायचे आणि म्हणायचे, "शेठ, औंदा त्या नेसरीच्या पोराला बोलवा की." भरमाप्पाशेठना हसू आवरायचं नाही, दुकानातल्या गिऱ्हाइकांना ते अठ्ठ्याहत्तरचा सगळा किस्सा पहिल्यापासून सांगायचे. एका वर्षी मिस्त्री म्हणाले, "बरं, त्याला ऱ्हाऊ दे. गादी तेवढी काढा." यावर तर भरमाप्पाशेठ हसून हसून गल्ल्यावर डोकं टेकून बसले. ती गादी आता जुनी झाली आहे, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं. जानेवारीत त्यांनी मंचासाठी नवी गादी शिवून घेतली, चांगली दुप्पट जाड. पहिल्या रांगेत मिस्त्री पाय लांब करून, काठीचं टोक फळीला लावून, मुठीवर हनुवटी टेकून बसले होते.